कोरा रकाना

ओउलूच्या इस्पितळात, तळमजल्यावर,
मी माणसं झोपवते आणि उठवते.
तीस वर्षं झाली या नोकरीला.
विद्यार्थी येतात, बहुतेक पैशांसाठी;
डोक्याला चौसष्ट तारा चिकटवून घेतात,
लाजून विचारतात, घोरलो तर चालेल का.

मग काचेपलीकडे मी, गार झालेली कॉफी,
आणि पडद्यावर त्यांची निज:
आधी बारीक शिवण, मग लांब, सैल टाके.
टाके पुरेसे सैल झाले की नावाने हाक मारते
आणि एकच विचारते:
हाकेच्या अगदी आधी, काय होतं?

"बसचं तिकीट. पण चवीला खारट."
"कुणीतरी मोजत होतं. मीच असेन."
"होतं काहीतरी. आत्ता होतं. गेलं."
आणि पुष्कळदा, कूस बदलत, "काही नाही."

"काही नाही"साठी माझ्या तक्त्यात कोरा रकाना आहे.
त्या रकान्यानेच मला नाव दिलं, प्राध्यापकी दिली.

हाच विषय का, असं परिषदांमध्ये विचारतात.
मी मेंदूच्या मागच्या भागाविषयी काहीबाही सांगते.
खरं कारण आठ वर्षांचं आहे,
लाल टोपी घातलेलं,
एप्रिलच्या कुजक्या बर्फावरून बापामागे चाललेलं.
पाय. मग हिरवं. मग
सौनाच्या पायरीवर, घोंगडीत, मी.
मधे काही नाही.
ते मधलं मी आयुष्यभर मोजत आले:
केवढं, कुठे, किती मायक्रोव्होल्ट.

बाबा आता याच इस्पितळात आहेत, चौथ्या मजल्यावर.
ऑगस्टपासून. डोळे उघडे.
सिनिक्का त्यांची दाढी करते, बोलत बोलत,
हवा कशी आहे, हॉकीत कोण हरलं;
प्रत्येक वाक्यानंतर उत्तराला जागा ठेवून थांबते.
मी नाही थांबत. मला आकडे माहीत आहेत.

एका रात्री नियम मोडून यंत्र वर नेलं.
म्हटलं, बाबा, होडी वल्हवा, मनातल्या मनात.
डावं वल्हं. उजवं. आता थांबा.
आता पुन्हा.
रेघ हलली.
पण पापणी लवली तरी रेघ हलते,
हे मीच शिकवते मुलांना.

त्यांचं घर आवरताना मासेमारीची वही सापडली.
माणूस बोलण्यात कंजूष, लिहिण्यात त्याहून.
तारीख. बर्फ किती बोटं. मासे किती.
आणि त्या दिवसाची ओळ:
बर्फ चार बोटं. मासा नाही. मार्केत्ता पाण्यात. काढली.
घरापर्यंत सारखी बोलत होती. बूट परत आणा म्हणाली.

मी फरशीवरच बसले.
बोलत होते.
बुटाची काळजी करणारं कुणीतरी होतं तिथे,
ओलं, कुडकुडणारं, पुरतं शुद्धीवर,
माझ्याच आवाजात बापाशी भांडणारं,
आणि त्याने मला आजवर काहीच कळवलं नव्हतं.

अकराशे बेचाळीस नोंदी आहेत कोऱ्या रकान्यात.
अकराशे बेचाळीस वेळा मान डोलावून मी लिहिलंय: नाही.
काय बोलत होती ती पोरं, हाकेआधी?
कुणाला, काय परत आणायला सांगत होती?

आज वर यंत्र नेलं नाही.
खुर्ची ओढली. बर्फाचं सांगितलं,
यंदा उशीर आहे, नदी अजून काळीच आहे म्हणून.
मग सिनिक्कासारखी थांबले.
एक श्वास. दोन.
खाली कुणीतरी गाडी सुरू करत होतं, होत नव्हती.
बाबांच्या गालावर साबणाचा ठिपका राहिला होता.
पुसावा, की त्यांना आधी विचारावं?
विचारलं.